सुपरचार्जर असलेल्या पिकअपमध्ये आयडलिंगला खडखडाट: काहीही खोलण्याआधी आवाज कोणाचा ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेट्रोलवर चालणारा व्ही-८ इंजिनाचा पिकअप ट्रक, त्यावर कंपनीनेच बसवलेला रूट्स पद्धतीचा (आत दोन पाकळीदार रोटर फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलणारा) सुपरचार्जर. इंजिन गरम होऊन ७०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास, म्हणजे आयडलिंगला, उभं राहिलं की वरच्या बाजूने जुन्या डिझेलसारखा खडखडाट येतो. जरा रेस दिली, १२०० च्या पुढे नेलं, की आवाज नाहीसा. ताकद पूर्वीइतकीच, डॅशबोर्डवर कोणताही दिवा नाही. इंजिन ऑइल बदललं, बेल्ट बदलला, फरक शून्य. एक मेकॅनिक म्हणतो सुपरचार्जर गेला, अख्खा बदला. दुसरा म्हणतो कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं, इंजिन खोला. कोणाचं खरं मानायचं आणि तोवर गाडी चालवायची का, हे तुम्हाला हवंय.

दोघांपैकी एकाचं खरं निघेलही, पण दोघांनी नुसता कान देऊन निदान सांगितलंय. आवाज नेमक्या कोणत्या फिरणाऱ्या भागाच्या गतीबरोबर चालतो आणि कोणता भाग थांबवला की तो थांबतो, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. सुपरचार्जरच्या गाडीत ही घाई नेहमी होते, कारण सगळ्यांचा संशय आधी त्या वेगळ्या दिसणाऱ्या वस्तूवर जातो. शिवाय सुपरचार्जरचं कवच ॲल्युमिनियमचं, आतून बरंचसं पोकळ, आणि सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये मॅनिफोल्डवर घट्ट आवळलेलं असतं. खाली कुठेही टकटक झाली की ती या कवचातून घुमून वर येते. त्यामुळे ‘आवाज वरून येतो’ एवढ्या बोलण्यावर मी एक बोल्टही सैल करणार नाही.

आधी गाडी चालवण्याचं बोलू, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. याचं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, ऑइल प्रेशर. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत तो काटा एका साध्या स्विचवर चालतो. ठरावीक किमान प्रेशर मिळालं की मधोमध जाऊन बसतो आणि खरं प्रेशर किती ते सांगतच नाही. प्रेशर सेन्सर काढून त्या जागी हातातला मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला आणि २००० आरपीएमला आकडा घ्या. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण. तो हाताशी नसेल तर दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) हा जुना ठोकताळा चालतो. आकडा त्याहून कमी आला तर ती धोक्याची खूण. दुसरी, चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर खडे हलवल्यासारखा कडकड आवाज येतो का? येत असेल तर ते नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, आहे. बूस्टखालच्या (सुपरचार्जरने दाबून हवा भरलेल्या) इंजिनात नॉकिंगने पिस्टनची कड किंवा रिंगमधला भाग फार लवकर तुटतो. तिसरी, सुपरचार्जरमधून धातूवर धातू घासल्यासारखी खरखर येते का? रोटर कवचाला किंवा एकमेकांना घासत असतील तर निघालेला धातूचा चुरा थेट सिलिंडरमध्ये जातो. या तिन्हींपैकी एकही खूण दिसली तर गाडी जागेवर उभी करा आणि पुढे न्यायची ती टोईंगनेच. एकही नसेल तर हलक्या पायाने, बूस्ट न घेता, तपासणी होईपर्यंत चालवायला माझी हरकत नाही.

आता आवाजाकडे येऊ. माझी पद्धत आधी गणिताची आहे, कान त्यानंतर. क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली समजा २०० मिलिमीटरची आणि सुपरचार्जरची ९० मिलिमीटरची असेल, तर सुपरचार्जर इंजिनाच्या साधारण २.२ पट फिरतो. ७०० आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेतो, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मे म्हणजे जवळपास ६, आणि सुपरचार्जर २६. व्ही-८ मध्ये सेकंदाला होणारे स्फोट सुमारे ४७. आता आवाज ऐका आणि स्वतःला विचारा: एकेक ठोका सुटा ऐकू येतोय का? बोटाने टेबलावर त्याची लय धरता येते का? येत असेल तर तो बहुधा कॅमच्या गतीचा आवाज आहे: टॅपेट, व्हॉल्व्ह, एखाद्या सिलिंडरशी बांधलेला ठोका किंवा एक्झॉस्टची गळती. ज्याची लय धरता येते तो आवाज सहसा सुपरचार्जरचा नसतो. सुपरचार्जरचा खडखडाट इतका जलद असतो की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, सलग थरथर ऐकू येते.

खात्री करायची असेल तर टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) जोडा. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा प्लग क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे लाइटचा प्रकाश कॅमच्या गतीने उघडझाप करतो. टकटक आणि उघडझाप बरोबरीने चालली तर शोध इंजिनाच्या आत किंवा एक्झॉस्टमध्ये घ्यायचा. (प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर कॉइल आणि प्लगच्या मध्ये तात्पुरती वायर लावावी लागते.) फोनवरचं फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲपही कामाचं आहे. तीन पाकळ्यांच्या दोन रोटरमधून एका फेऱ्यात हवेचे सहा हिसके निघतात. वरच्याच पुल्या धरल्या तर ३००० आरपीएमला ते सेकंदाला सुमारे ६६७ होतात. त्या आकड्याजवळ टोक दिसलं तर ती सुपरचार्जरची नेहमीची किंकाळी समजा आणि सोडून द्या.

यानंतरची परीक्षा निर्णायक आहे: बेल्ट काढून इंजिन चालवणं. तुमच्या गाडीत सुपरचार्जरला स्वतंत्र बेल्ट असेल तर काम सोपं. एकाच बेल्टवर पाण्याचा पंप, अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंगही असेल तर बेल्ट काढल्यावर तेही थांबतील, म्हणून इंजिन अर्ध्या मिनिटाहून जास्त चालवू नका. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. तुमचा आवाज गरम इंजिनावरच येतो. त्यामुळे थंड इंजिनावर बेल्ट काढून ‘आवाज गेला’ म्हणालात तर त्याला काही अर्थ नाही. आधी इंजिन गरम करा, आवाज येतोय हे ऐका, बंद करा, हातमोजे घालून बेल्ट उतरवा, लगेच पुन्हा सुरू करा. सुपरचार्जरला वळसा घालून हवा जाऊ देणारा बायपास व्हॉल्व्ह आयडलिंगला उघडा असतो, त्यामुळे सुपरचार्जर फिरला नाही तरी इंजिनाला हवा मिळते आणि ते उभं राहतं. रेस मात्र द्यायची नाही.

आवाज तसाच राहिला तर सुपरचार्जर निर्दोष सुटला. आवाज गेला तरी दोषी तोच, असं लगेच म्हणता येत नाही. बेल्टवर फिरणारी प्रत्येक गोष्ट आता संशयित आहे. इंजिन बंद ठेवून प्रत्येक पुली हाताने फिरवा. आयडलरचं (बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या पुलीचं) बेअरिंग कोरडं पडलं असेल तर ते मोकळं सुटून बराच वेळ फिरत राहतं आणि बोटांना खरखर लागते. चांगलं बेअरिंग ग्रीसमुळे जरा जड फिरून लवकर थांबतं. टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा) हात दाबून सोडा. तो सावकाश परतला पाहिजे, झटकन आपटला तर त्याचं डॅम्पिंग संपलंय आणि आयडलिंगला तोच थडथडत असू शकतो. अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या पुल्या वरखाली हलवून पाहा.

मग सुपरचार्जरची पुली. ती अंगठा आणि बोटांत धरून हळूच डावी-उजवी फिरवा. पुली फिरते पण रोटर हलत नाहीत, असा थोडासा मोकळा भाग प्रत्येक सुपरचार्जरमध्ये असतो. तो लहान हवा आणि त्याच्या टोकाला मऊ अडथळा लागायला हवा. पुली बरेच अंश मोकळी फिरून स्पष्ट ‘टक्’ करत थांबत असेल तर आतला कपलर (पुलीला रोटरशी जोडणारी चकती) झिजलाय. वरखाली हलवल्यावर प्ले (सैलपणा) लागला तर नाकाकडची, म्हणजे पुढे आलेल्या पुलीकडच्या टोकाची, बेअरिंग गेलीत. पूर्ण फेरा फिरवताना ठरावीक जागी घासल्यासारखं वाटलं तर रोटर लागताहेत, आणि मग ही बाब छोट्या दुरुस्तीची उरत नाही.

तुमचं वर्णन वाचून माझा कल कपलरकडे आहे, आणि तो का ते नीट सांगतो, कारण हे कळलं की पुढचं निम्मं निदान तुम्हीच कराल. पुलीचा शाफ्ट आणि रोटरचे गिअर यांच्यामध्ये, सुपरचार्जरच्या नाकात, प्लास्टिकची एक जाड चकती असते. तिच्या भोकांत एकीकडून शाफ्टच्या पिना आणि दुसरीकडून गिअरच्या पिना बसतात. क्रँक कधीच एकसारखा फिरत नाही. प्रत्येक स्फोटाला त्याला धक्का बसतो आणि दोन स्फोटांच्या मध्ये तो किंचित मंदावतो. आयडलिंगला हा चढउतार सर्वात जास्त जाणवतो. रोटर मात्र जड असल्यामुळे आपल्याच वेगाने पुढे जायला बघतात. परिणामी पिना भोकाच्या कधी एका, कधी दुसऱ्या बाजूवर आदळतात. सैल कडीचं दार वाऱ्याच्या झुळकीने खडखडतं, पण कोणी पाठ टेकवून उभं राहिलं की गप्प होतं, तसंच हे. रेस दिली की हवा दाबायचा भार येतो, पिना एकाच बाजूला टेकून राहतात आणि आवाज बंद. म्हणूनच ताकदीत काहीही फरक पडत नाही. जनरल मोटर्सच्या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनावरच्या ईटन एम-९० मध्ये हा खडखडाट इतका परिचित आहे की अनुभवी माणूस तो बॉनेट न उघडता ओळखतो. फोर्ड एफ-१५० लायटनिंगवरचा एम-११२ किंवा निसान फ्रंटियरवरचा एम-६२ ही त्याच घराण्यातली यंत्रं आहेत.

झिजलेला कपलर एकदा हातात घेतला की शंका उरत नाही. नवीन चकतीत भोकं गोल आणि कडा धारदार असतात; जुन्या चकतीत तीच भोकं अंड्यासारखी लांबट झालेली, कडा बाहेर लोंबलेल्या, आणि नाकातल्या ऑइलमध्ये प्लास्टिकचं काळं पीठ. पिना एका बाजूने आरशासारख्या चकाकतात. काही वेळा चकतीला भोकापासून कडेपर्यंत बारीक चीर गेलेली असते, ती वाकवल्याशिवाय दिसत नाही.

पण नवीन कपलर टाकण्याआधी आयडलिंग स्थिर आहे का ते पाहा. एखादा प्लग मधूनच चुकत असेल किंवा कुठून व्हॅक्यूम गळत असेल (फटीतून जास्तीची हवा आत ओढली जात असेल) तर क्रँकचा चढउतार वाढतो आणि चांगला कपलरही वाजायला लागतो. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर आणि फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. आयडलिंगला ट्रिम बराच वर आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य असेल तर व्हॅक्यूम गळतोय. ते कारण तसंच ठेवलं तर नवीन कपलरचंही तेच होणार.

सुपरचार्जरच्या ऑइलचं पाहिलंत का? तुम्ही इंजिन ऑइल बदलल्याचं लिहिलंय, पण या प्रकारच्या सुपरचार्जरचं ऑइल वेगळं असतं. नाकाच्या भागात जेमतेम २०० मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी सिंथेटिक ऑइल भरलेलं असतं आणि त्याचा इंजिन ऑइलशी काहीच संबंध नसतो. इंजिन पूर्ण थंड असताना बाजूचा प्लग उघडून पातळी बघा. गरम असताना उघडलात तर दाबाने ऑइल बाहेर उडतं. पातळी कमी आहे पण बाहेर एक थेंबही नाही, असं दिसलं तर बुचकळ्यात पडू नका. थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असतो, म्हणून आयडलिंगला कवचात व्हॅक्यूम असतो. रोटरकडचं सील गेलं की ऑइल आतल्या आत ओढलं जाऊन जळतं. ऑइल काढून पांढऱ्या कागदावर सोडा. जळका वास आणि काळा रंग म्हणजे जुनं झालंय. चमकणारे धातूचे कण म्हणजे गिअर किंवा बेअरिंग सुटतंय. भरताना सुपरचार्जरसाठीचंच ऑइल भरा. तिथे इंजिन ऑइल टाकणं मला अजिबात मान्य नाही; ते फेसाळतं आणि त्या वेगाला, त्या उष्णतेला टिकत नाही. मागच्या टोकाच्या नीडल बेअरिंगपर्यंत हे ऑइल पोचतच नाही, ती ग्रीसवर चालतात. म्हणून स्टेथोस्कोप नाकावर, मध्यावर आणि मागच्या टोकावर, असा तिन्ही ठिकाणी लावून तुलना करा. स्टेथोस्कोप नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरही चालतो, फक्त बाही, केस आणि हात बेल्टपासून लांब ठेवा.

आता दुसरी शक्यता: बेल्ट काढूनही आवाज राहिला. तरीही रॉडचं बेअरिंग हा माझा पहिला अंदाज नसेल, कारण तुमचं वर्णन त्याच्याशी जुळत नाही. रॉडचा ठोका १२०० आरपीएमला गायब होत नाही. इंजिन २०००–२५०० वर धरून ॲक्सिलरेटर सोडला की तो उलट उघडा पडतो, आणि ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर वाढतो. त्या सिलिंडरचं इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) स्कॅनरवरून बंद केलं की ठोका मऊ होतो. बंद करायचं ते इंजेक्टरच. प्लगची वायर काढली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. कोणताही सिलिंडर बंद करून आवाजात काडीचाही फरक पडत नसेल तर तो टॅपेट-व्हॉल्व्हकडचा किंवा टायमिंग चेनकडचा असण्याची शक्यता वाढते.

या वाटेवर मी सगळ्यात आधी फ्लेक्सप्लेट बघेन. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत क्रँकला टॉर्क कन्व्हर्टर जोडणारी ही पातळ पत्र्याची चकती असते. तिला मधल्या बोल्टांभोवती चीर गेली किंवा कन्व्हर्टरचे बोल्ट सैल झाले की आयडलिंगला हुबेहूब बेअरिंगसारखा ठोका येतो आणि रेस दिली की बऱ्याचदा विरतो. केवळ या आवाजावरून चांगली इंजिनं खोलली गेली आहेत, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा, ब्रेक पक्का दाबून गिअर ड्राइव्हमध्ये टाका, गाडीपुढे कोणी उभं नको. पार्कमधून ड्राइव्हमध्ये जाताना आवाजाची जात बदलली तर गाडीखाली जाऊन तपासणीचं झाकण उघडा आणि टॉर्च घेऊन चीर शोधा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ड्राइव्हमध्ये इंजिनावर भार आल्यामुळे कपलरचा आवाजही बदलतो. म्हणून ही परीक्षा बेल्ट उतरवल्यानंतरच्या त्या अर्ध्या मिनिटातच करायची. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर एकाच पंपावर असतील तर ड्राइव्हमध्ये टाकूच नका.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तुटलेले स्टड ट्रकमध्ये वरचेवर सापडतात. त्यांची टिकटिक थंड असताना जास्त आणि धातू तापून फुगला की कमी होते, म्हणजे तुमच्या उलट. तरी गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा पट्टा आहे का ते एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पिस्टन स्लॅपही (पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं) इंजिन थंड असतानाचा आवाज आहे, तो मी बाजूला ठेवेन.

कोणाचा सुपरचार्जर वेगळ्या पद्धतीचा असेल तर थोडं जपून. सेंट्रिफ्युगल (पंख्याने हवा बाहेर फेकणाऱ्या) प्रकारात आत वेग वाढवणारे गिअर असतात आणि त्यातले सरळ दातांचे गिअर आयडलिंगला खडखडतातच, तो बिघाड नव्हे. त्यातल्या काहींना इंजिनाचंच ऑइल नळीने मिळतं, काहींचं स्वतंत्र असतं. वरचं ऑइलचं सगळं बोलणं त्यांना जसंच्या तसं लावू नका.

तर क्रम असा ठेवा: ऑइल प्रेशरचा खरा आकडा, मग आवाजाची लय, मग गरम इंजिनावर बेल्ट उतरवून ऐकणं, आणि त्यानंतर पुली हातात धरून मोकळी चाल.

कपलरच निघाला तर अख्खा सुपरचार्जर बदलायची गरज नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त नाकाचा भाग सुटा करून चकती बदलता येते. काही ट्रकमध्ये जागा नसल्यामुळे सुपरचार्जर उतरवावा लागतो, पण उघडायचं तेवढंच. नाक सोडवताना जोडाच्या पृष्ठभागात स्क्रूड्रायव्हर घुसवू नका, ओरखडा पडला की तिथून ऑइल गळत राहतं. त्यासाठी कडेला दिलेल्या खाचा वापरा. नाक उघडलंच आहे तर पुढची बेअरिंग आणि सील त्याच वेळी बदला. त्यांना प्रेस लागतो, हातोडीने ठोकू नका. रोटरच्या गिअरना हात लावायचा नाही. ते शाफ्टवर दाबून बसवलेले असतात आणि त्यांच्यावरच दोन्ही रोटरमधलं अंतर ठरतं. जागा सरकली तर रोटर एकमेकांना लागतील. कठीण धातूचे किंवा ‘कायम टिकणारे’ म्हणून मिळणारे कपलर मी लावत नाही. मूळ चकती धक्का पचवते म्हणूनच झिजते. ती कठीण केली तर तोच धक्का गिअरच्या दातांवर जातो.

या तपासण्या झाल्या की गरम आयडलिंगचं ऑइल प्रेशर, बेल्ट काढल्यावर आवाज राहिला की गेला, आणि पुली किती अंश मोकळी फिरते, एवढ्या तीन गोष्टी कळवा. तोवर ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबू नका.